बिनआवाजाची बैलगाडी

माझ्या वाट्याला देव आला नाही, याचं मला तेवीस वर्षं काहीच वाटलं नव्हतं. सकाळी अंघोळ झाली की देव्हाऱ्यापुढे हात जोडायचे, परीक्षेच्या दिवशी जरा जास्त वेळ जोडायचे, एवढाच आमचा संबंध. त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही, मीही त्याला फारसं छळलं नाही. पण वाटूर फाट्यापासून तीन कोस आत असलेल्या एका गावी मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, आणि तिथं दर गुरुवारी मला कळू लागलं की देव न भेटलेल्या बाईकडे लोक कसे बघतात.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर जालन्याचं. गावात एकट्या मास्तरणीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कापडाच्या दुकानामागच्या घरातल्या जीजींनी दिली. जीजी म्हणजे त्या दुकानवाल्यांच्या आई. त्यांचे सासरे कधीतरी राजस्थानातून इकडं आले आणि इथलेच झाले. जीजींचं मराठी आमच्यासारखंच होतं, फक्त राग आला की त्यात मारवाडी मिसळायचं आणि माया आली की हिंदी. साठी उलटलेली, अंगानं भरलेली, आवाज असा की हाक मारली की दुकानातली गिऱ्हाइकंही वळून बघायची.

खोली देताना त्यांनी तीन अटी घातल्या. घरात कांदा-लसूण आणायचा नाही. आतल्या खोलीतल्या पिण्याच्या हंड्यांना हात लावायचा नाही. त्याऐवजी रोज सकाळी एक कळशी भरून माझ्या दारात ठेवली जाईल, ती दिवसभर पुरवायची. आणि गुरुवारी संध्याकाळी भजनाला बसायचं. पहिल्या दोन अटींनी मला घाम फुटला, तिसरी मी हसत मान्य केली. चुकले ते तिथंच.

भजन तासभरात संपायचं. टाळ ठेवले जायचे, आरती व्हायची, आणि मग खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. हळद-कुंकू लावलेला एक नारळ पंधरा-वीस बायकांच्या गोलात हातोहात फिरायचा. ज्या बाईच्या हातात तो येईल तिनं देवानं तिला दिलेली परचिती सांगायची. जीजी त्याला ‘परचा’ म्हणायच्या, बाकीच्या परचिती. अर्थ एकच, तुझ्या आयुष्यात देव कधी, कुठं आणि कसा येऊन गेला ते सांग. जिच्याकडे सांगायला काही नसेल तिनं नारळ कपाळाला लावायचा, “आजून न्हाई” म्हणायचं आणि पुढं द्यायचा. सगळ्यांत शेवटी जीजींची परचिती, मग नारळ फोडायचा आणि खोबरं वाटायचं. 

सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरची बायको माझ्या शेजारी बसायची. तिची नथ हरवली होती. तिनं मारुतीला पाच नारळ बोलले आणि तिसऱ्या दिवशी नथ ज्वारीच्या पिठाच्या डब्यात सापडली. पिठात ती गेली कशी, हे मी पहिल्या गुरुवारी विचारलं. पंधरा जणींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी काही विचारलं नाही. दुसऱ्या एकीची म्हैस बाभळीच्या बनात हरवली होती, स्वप्नात एक गोसावी आला आणि म्हणाला, “ऊठ, बये, म्हैस व्याली.” गेली तर म्हैस व्यालेली आणि पारडू पायावर उभं. एकीच्या बाबतीत देवानं फक्त पाल चुकचुकवली होती, पण त्यामुळं तिचं चुलीवरचं दूध उतू जायचं वाचलं होतं. तेवढ्यावरही ती तीन वर्षं नारळ धरून बसत होती.

जीजींची परचिती मात्र ऐकण्यासारखी. लग्न होऊन नवीन आल्या तेव्हा त्यांना ताप भरला, वैद्यानं हात टेकले, आणि पहाटे उशाशी एक घोडेस्वार येऊन उभा राहिला. जीजी डोळे मिटून सांगायच्या. दर गुरुवारी तेच शब्द, त्याच जागी थांबणं. सगळ्यांना पाठ होतं, तरी घोड्यानं फुरफुर केलं म्हटलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. एक-दोनदा माझेही डोळे भरून आले. आता हसू येतं, पण तेव्हा आले होते.

आणि मी? नारळ कपाळाला लावून पुढं. पहिला महिना कुणी काही बोललं नाही. मग कीव सुरू झाली. “येईल गं बाई, तुलाबी येईल,” कंपाउंडरीणबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची. “काहीजनींना उशिरा व्हतं.” जणू काही माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. उपायही तसेच यायला लागले. एकीनं सोळा सोमवार सांगितले, एकीनं पिंपळाला प्रदक्षिणा, आणि म्हैसवाली माझ्या कानाशी लागून म्हणाली, “उजव्या कुशीवर झोपत जा. डाव्या कुशीवर सपान पडतं, पर देव येत न्हाई.”

मी वरून हसायचे, पण आतून जळफळत होते. शाळेत, कॉलेजात, डी.एड.ला, कधी म्हणून मी पेपर कोरा दिला नव्हता. येत नसलं तरी काहीतरी लिहून यायचं, हा माझा स्वभाव. आणि इथं जिच्या म्हशीनं पारडू दिलं तीही पास, आणि मी दर गुरुवारी नापास.

संक्रांतीला मी जालन्याला गेले होते. परत येताना एसटी वाटूर फाट्याला उशिरा पोचली आणि गावात जाणारी दुपारची गाडी निघून गेलेली. फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगितलं, आता उद्या सकाळी. माझा स्वभाव असा की कुणी ‘नाही’ म्हटलं की पाय आपोआप चालायला लागतात. पिशवी खांद्याला, तिळगुळाचा डबा हातात, निघाले. कोसभर चालले असेन. चपलेचा अंगठा तुटला, टाचेला फोड आला आणि घशाला अशी कोरड पडली की थुंकी गिळवेना. दोन्ही बाजूला ज्वारीची कणसं भरलेली, पण माणूस दिसेना.

मागून बैलगाडी आली. पितळी घुंगरं वाजत होती, एक चाक करकर करत होतं. गाडीवान पांढऱ्या मुंडाशाचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा. त्यानं गाडी थांबवली.

“शाळंच्या बाई नव्हं तुमी? पायी कुठं चाल्ल्या?”

मी गाव सांगितलं. तो लगेच “बसा” म्हणाला नाही. आधी कासरा आवळला, खाली बघितलं आणि म्हणाला, “म्या बौद्धवाड्यातला हाय बाई. चालत आसंल तर बसा.”

गावात धर्म बदललेल्यांची पंचवीसेक घरं नाल्याच्या पलीकडं होती. त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या, आणि मी स्वतःला पुढारलेली समजत होते. “चालतं हो, न चालायला काय झालं!” असं मी जरा मोठ्यानंच म्हणाले आणि चढून बसले. थोडं पुढं गेल्यावर पाणी मागितलं. त्यानं पुन्हा एकदा विचारलं, “आमचं पानी?” मी हात पुढं केला. गाडीच्या बुडाखाली बांधलेल्या मडक्यातून त्यानं तांब्या भरून दिला. मी घटाघटा प्याले, आणखी मागितलं, तेही प्याले. इतकं गोड पाणी मी त्यानंतर प्याले नाही. वाटेत त्यानं हुरड्याची दोन कणसं चोळून दिली, बैलांची गंमत सांगितली. डावा बैल शहाणा होता आणि उजवा म्हणे तालुक्याच्या साहेबासारखा, हाकल्याशिवाय हलायचा नाही.

गावाच्या अलीकडं चिंचेजवळ वाट फुटते. एक वेशीकडं जाते, दुसरी उतारावरून नाल्याकडं. तिथं त्यानं मला उतरवलं, कारण त्याला खाली वळायचं होतं. मी वाकून तुटका अंगठा चपलेत कोंबत बसले. मान वर केली तर गाडी उताराला लागून दिसेनाशी झालेली. त्याचे आभार मानायचे राहिले. डब्यातले दोन लाडू त्याच्या हातावर ठेवायचं तर मला सुचलंही नाही.

दोन दिवसांनी गुरुवार आला.

नारळ माझ्या हातात आला आणि मी तो कपाळाला लावला नाही. मी शपथेवर सांगते, बोलायला सुरुवात केली तेव्हा माझ्या मनात खोटं नव्हतं. अडल्या वेळी माणूस भेटणं हीसुद्धा परचितीच की, असं काहीतरी छान मांडायचा विचार होता. गाडी चुकली, पायाला फोड आला, कोरड पडली, आणि मागून पांढऱ्या मुंडाशातला एकजण गाडी घेऊन आला. त्यानं मला पाणी पाजलं. इथपर्यंत अक्षर न् अक्षर खरं.

“कोण होता?” जीजींनी विचारलं.

जीजींच्या पाठीमागं आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि घासून लखलखीत केलेले हंडे मला समोर दिसत होते. मी पाणी प्याले होते ते सांगून झालं होतं. आता कोणाचं ते सांगायचं होतं. रस्त्यावर मोठ्यानं “चालतं” म्हणणारी मी, त्या हंड्यांसमोर बौद्धवाड्याचं नाव काढू शकले नाही. खोली जाईल, हा विचार आलाच. पण त्याहून आधी आला तो हा, की या सगळ्या माझ्याकडे कशा बघतील.

“ठाऊक नाही, जीजी,” मी म्हणाले. “चिंचेजवळ उतरले, चप्पल नीट केली, मान वर करून बघते तर गाडीच नाही.”

कंपाउंडरीणबाईनं माझा हात घट्ट धरला. जीजी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि दोन्ही हातांनी माझी अलाबला घेऊन स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. “बेटी,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी नारळाचं पहिलं शकल मला मिळालं.

यश डोक्यात जातं म्हणतात, ते खरं आहे. दुसऱ्या गुरुवारी गावातल्या वरच्या आळीतूनही बायका आल्या आणि मला पुन्हा सांगावं लागलं. पुन्हा सांगताना घुंगरं गळाली. तिसऱ्या गुरुवारी चाकांचा करकर आवाज गेला. चौथ्या वेळी बैलांच्या खुरांखालची धूळ उडेनाशी झाली आणि गाडीवानाच्या पायांत खडावा आल्या. त्या मी घातल्या नव्हत्या, कंपाउंडरीणबाईनं विचारलं, “खडावा व्हत्या का गं?” आणि मी म्हणाले, “असतील, मी मान खालीच घातली होती.” वर्गात मुलींना मी बजावून सांगायचे की ऐकलेली गोष्ट फुगवून सांगू नये.

माझी बढतीही झाली. जीजींनी माझी कळशी बंद केली. “आता तू आत येऊन तुझ्या हातानं पानी घेत जा,” म्हणाल्या. मी त्या लखलखीत हंड्यांतून स्वतःच्या हातानं पाणी घ्यायला लागले. पहिल्या दिवशी दोनदा मागं वळून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून नाही.

चिंचेजवळ, वाट फुटते नेमक्या त्या जागी, कुणीतरी गोल धोंडा ठेवून त्याला शेंदूर फासला. उदबत्त्या लागायला लागल्या. कंपाउंडरीणबाईनं तिथं नवस बोलला आणि नवऱ्याची अंबडला झालेली बदली चक्क रद्द झाली. मग काय विचारता! माझ्या गाडीवानाकडे ज्वारीच्या राशीपासून मुलींच्या सोयरिकीपर्यंत सगळे अर्ज जायला लागले. शेवटी जीजींनी जाहीर केलं की त्या जागी चांगला दगडी ओटा बांधायचा. खर्च सगळा त्यांचा. येत्या रविवारी गवंडी येणार.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. पायरीशी कुणी खाकरलं. बघते तर तो, पांढरं मुंडासं काखेत धरून उभा.

“येऊ का, बाई?”

मी वही मिटली.

“म्या ऐकलं, म्या देव झालो म्हनं,” तो म्हणाला आणि चक्क हसला. “घरची म्हन्ती, देव झालाव तर जरा कडबा तोडा. आमी देव मानीत न्हाई, बाई, पार सोडून दिला. आन् आमालाच देव करून राह्यले लोकं.”

मला हसावं की रडावं कळेना. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? फाट्यावून त्या दिशी कोन आल्तं, तुमाला ठावं, मला ठावं. आन् बैलांला ठावं.” मग त्याचं हसू कमी झालं. “त्याचं काय न्हाई. बोलू द्या. पर रइवारी वाटंत ओटा बांधून राह्यले. तिथूनच आमच्या गाड्या खाली उतरत्यात. देवानं आपली गाडी घरी कुन्या वाटंनं न्यावी, सांगा बरं?”

“दुसरी वाट नाही का?”

“हाय की. नाल्याच्या खालून. आर्धा कोस वळसा. चिखलाच्या दिसांत चाक रुतून बसतंय, बैलं मरत्यात वढून वढून. येकट्या माझी गाडी न्हाई, सा-सात गाड्या हायेत आमच्या वाड्याच्या.”

“तुम्ही जीजींना जाऊन सांगा ना. त्या ऐकतील.”

तो माझ्याकडं बघत राहिला. शिकलेली बाई इतकं साधं कसं समजत नाही, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. “म्या सांगितलं तर भांडन हाय, बाई. देवाच्या ओट्याला आडवा आला म्हनतील. मला ह्याच गावात ऱ्हायचंय. तुमी सांगितलं तर नुस्ती गोष्ट हाय.”

तो गेला. मी वही उघडली आणि एकाच उत्तरापुढे तीनदा ‘बरोबर’ची खूण केली.

बुधवारचा दिवस आणि गुरुवारची दुपार मी स्वतःशी भांडण्यात घालवली. पत्र लिहून बदली मागावी. आजारी पडावं. स्वप्नात गाडीवान आला आणि म्हणाला, ‘मला ओटा नको,’ असं सांगावं. ही शेवटची युक्ती मला फार आवडली होती. कुणाचं काही जाणार नव्हतं, वाट मोकळी राहणार होती, हंडे माझेच राहणार होते, आणि परचिती एकाच्या दोन झाल्या असत्या. गुरुवारी संध्याकाळी टाळ हातात घेईपर्यंत मी तेच सांगणार होते. आरती म्हणता म्हणता त्याच्या बघण्याची आठवण झाली आणि मला स्वतःची इतकी चीड आली की नारळ फिरायला लागायच्या आतच मी तो जीजींसमोरून उचलला.

“मला सांगायचंय,” मी म्हणाले. “गाडीला घुंगरं होती. पितळी. चाकाचा आवाज असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. गाडी नाहीशी झाली नाही, उतारावरून खाली घरी गेली. गाडीवान बौद्धवाड्यातले आहेत. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी त्यांचं पाणी दोनदा मागून प्याले. मला सगळं ठाऊक होतं, जीजी. मी खोटं बोलले. आणि तुम्ही ओटा बांधताय ती त्यांच्या गाड्यांची वाट आहे.”

एका दमात बोलले आणि थांबले. मग कंपाउंडरीणबाई अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, “आगं बाई, मंग आमची बदली कुनी थांबवली?”

एरवी मी हसले असते. जीजींनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला, देव्हाऱ्यात ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी नारळ फुटला नाही. बायका खोबऱ्याशिवाय घरी गेल्या. कुणी माझ्याशी भांडलं नाही, कुणी बोललंही नाही. म्हैसवाली तेवढी जाताना माझ्याकडं बघून मान हलवत राहिली.

शुक्रवारी सकाळी उठले तर माझी जुनी कळशी ओसरीच्या अगदी कडेला, बाहेरच्या बाजूला भरून ठेवलेली. पूर्वी ती दारात असायची. मी काय ते समजले. खोली सोडायला मात्र जीजींनी सांगितलं नाही. त्या हंड्यावर हंडे घासत राहिल्या. दोन दिवस मी त्या कळशीतलं पाणी प्याले आणि दर घोटाला रडू आवरलं. अपमान झाला म्हणून नाही, खरंच नाही. जीजींनी माझी अलाबला घेतली होती, ते हात आठवून रडू यायचं.

रविवारी मी चिंचेजवळ गेले. जायचं नव्हतं, पण घरी बसवेना. गवंडी आला होता, दगडांची गाडी रिकामी झाली होती, आणि आठ-दहा बायका पदर खोचून उभ्या होत्या. जीजीही होत्या. माझ्या मनात आलं, ऐकून घेतलं, पण ओटा काही थांबत नाही. गवंड्यानं दोरी ताणली आणि खुंट्या ठोकायला घेतल्या. तेवढ्यात शेताकडून घुंगरांचा आवाज आला.

तीच गाडी. माणसं बघून त्यानं ती लांबच थांबवली. खाली उतरला आणि बैलांच्या तोंडाशी उभा राहिला. एका बाईचे हात चटकन जोडले गेले. मग तिच्या लक्षात आलं असावं, तिनं ते पदरात लपवले.

जीजींनी गवंड्याला विचारलं, “ओटा झाल्यावर गाडी जाते का इथून?”

“कशी जाईल, जीजी? वळसा घालावा लागंल त्यांला.”

“किती?”

गवंडी डोकं खाजवायला लागला. जीजी वळल्या आणि थेट गाडीवानालाच विचारलं, “किती वळसा पडतो रे, बेटा?”

त्याला बहुधा वाटलं नव्हतं की आपल्याला कुणी विचारील. “आर्धा कोस, जीजी,” तो म्हणाला. “नाल्याखालून.”

जीजींनी त्या उताराकडं बघितलं. चाकोऱ्या खोल पडल्या होत्या, वर्षानुवर्षं गाड्या गेल्याच्या. मग त्यांनी पदर कमरेला खोचला, वाकल्या आणि शेंदूर लावलेला तो धोंडा दोन्ही हातांनी उचलला. बायका एकदम ओरडल्या, “जीजी, देव हाय!”

“देव असंल तर सरकंल,” जीजी म्हणाल्या. धापा टाकत चार पावलं गेल्या आणि चिंचेच्या बुंध्याशी तो ठेवला. गवंड्याला म्हणाल्या, “ओटा इथं बांध. छोटासा.” आणि गाडीकडं हात केला, “जा.”

गाडी गेली. करकर करत, घुंगरं वाजवत, धूळ उडवत. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, पण हसला नाही. बैल उताराला लागले होते आणि त्याचं लक्ष कासऱ्यावर होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी चिंचेला टेकून उभी राहिले. वाट राहिली. माझं खोटं निस्तरलं. आता जीजी मला माफ करतील, असंही वाटून गेलं.

घरी परतलो तेव्हा जीजी पुढं आणि मी दहा पावलं मागं. त्या ओसरीवर चढल्या आणि माझ्या कळशीपाशीच थांबल्या. हात कोपरापर्यंत शेंदरानं माखले होते. “पानी घाल,” म्हणाल्या. मी तांब्या बुडवून त्यांच्या हातांवर धार धरली. त्या एकेक बोट चोळत राहिल्या, माझ्याकडं न बघता.

“नाव काय त्याचं?”

“कोणाचं, जीजी?”

“ज्याचं पानी पिलीस.”

“ते बौद्धवाड्यातले...”

“वाडा नाही विचारला. नाव विचारलं.”

त्याच्या गाडीत बसले होते, त्याचा हुरडा खाल्ला होता, त्याचा डावा बैल कसा आणि उजवा कसा ते मला ठाऊक होतं. तो शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला तेव्हाही मी त्याला नाव विचारलं नव्हतं. जीजींच्या हातांवरची धार थांबली होती, कारण तांब्या रिकामा झाला होता.

“इतके गुरुवार त्याची गोष्ट सांगितलीस,” जीजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं, आणि तेच मला सहन होईना. “आन् नाव नाही विचारलं?”

मी तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि नाल्याच्या वाटेला लागले.